एका बाटलीत किलोभर द्राक्षं

भारतात वर्षाकाठी साधारण ३५ लाख टन द्राक्षं पिकतात. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त माल एकट्या महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रात पहिला मान नाशिकचा. देशात द्राक्षापासून बनणारी वाइन वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर. एक टन वाइन-द्राक्षांतून ढोबळमानाने ६५० लिटर वाइन निघते. भागाकार करून पाहिला, तर देशभरातल्या वायनरींना मिळून लागतात ३० ते ४० हजार टन द्राक्षं. म्हणजे शंभर किलोतला एक किलो.

या एका किलोवरून महाराष्ट्रात जेवढा धुरळा उडाला, तेवढा उरलेल्या नव्व्याण्णव किलोंवरून क्वचितच उडाला असेल. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांत आणि दुकानांत, वेगळ्या कपाटात ठेवून, वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याचं भलं होईल, असं सरकार म्हणालं. महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल, असं तेव्हाचा विरोधी पक्ष म्हणाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, मग मागे घेतला. हरकती-सूचना मागवल्या गेल्या, त्याच वर्षी सरकार बदललं, आणि वाइनची बाटली काही बिस्किटांच्या शेजारी येऊन बसली नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार किती होता, हे त्या वेळी फारसं कुणी तपासलं नाही.

मद्यराष्ट्राचं आधी पाहू. अडीच कोटी लिटर वाइन १४० कोटी माणसांत वाटली, तर माणशी वर्षाला १८ मिलिलिटर येते. खोकल्याच्या औषधाचं झाकण भरेल, एवढीच. फ्रान्समध्ये हा आकडा प्रौढ माणसामागे चाळीस लिटरच्या वर आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे २,२५८ कोटी लिटर वाइन झाली, आणि गेल्या सहा दशकांतलं ते सर्वांत कमी उत्पादन होतं. या पडत्या वर्षातही भारताचा वाटा हजार लिटरमागे एक लिटर. आपल्याकडची दारूची समस्या खरी आहे, पण ती देशी दारूच्या, हातभट्टीच्या आणि व्हिस्की-रमच्या बाटलीत आहे. सरकारी तिजोरीलाही हे नीट ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज बांधला. बिअर आणि वाइनला त्यातून वगळलं. वाइनपुरतं बोलायचं, तर तिथून पिळून निघण्यासारखं फार काही नव्हतंच.

आता शेतकऱ्याचं. इथे गैरसमज जास्त खोल आहे. शहरातल्या माणसाला वाटतं, बाजारात भाव पडला की उरलेली द्राक्षं वायनरीला घालता येतात, दुधाचं जास्तीचं संकलन भुकटीला जातं तशी. तसं होत नाही. आपण खातो ती थॉमसन, सोनाका, शरद ही वाणं वेगळ्या कामासाठी घडवलेली असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) बुडवण्या, घडात मण्यांची विरळणी, आणि हे सगळं मजुरांच्या हातांनी, घडागणिक. निर्यातीचा मणी १६ ते १८ मिलिमीटरचा हवा, साल पातळ हवी, बी नको. वाइनला नेमकं उलटं लागतं. सोव्हिन्यो ब्लां, शनँ ब्लां, शिराझ, कॅबरने या वाणांचे मणी बारके, घड घट्ट, साल जाड, आत बिया. रंग आणि चव सालीत असते, त्यामुळे रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकं बरं. खाण्याचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) काढतात, वाइनचं २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात. थॉमसनचा रस टाकीत घातला तर अल्कोहोल तयार होईल, वाइनची चव येणार नाही. स्वस्तातल्या गोड, वरून स्पिरिट घातलेल्या वाइनमध्ये खाण्याची द्राक्षं चालून जातात, पण तिथे दरही तसाच मिळतो.

म्हणून २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड-दिंडोरी पट्ट्यात गारांनी बागा झोडपल्या, तेव्हा तिथल्या बागायतदाराला एकाही वायनरीचा दरवाजा ठोठावता येणार नव्हता. तडकलेल्या मण्याला आसरा मिळतो तो बेदाण्याचा. आणि बेदाण्याचे आकडे पाहिले की वाइनचा आवाका नीट कळतो. राज्यात चांगल्या वर्षी दोन लाख टनांच्या आसपास बेदाणा होतो आणि एक किलो बेदाण्याला सुमारे चार किलो ओली द्राक्षं जातात. म्हणजे सांगली-तासगावची बेदाणा शेडं आठ लाख टन द्राक्षं पोटात घेतात, देशातल्या सगळ्या वायनरींच्या वीसपट. द्राक्ष शेतकऱ्याचा खरा प्रक्रिया उद्योग तिथे आहे. त्याला ना पर्यटक जातात, ना त्यावर अग्रलेख लिहिले जातात.

मग वाइनची दखल घ्यायची ती कशासाठी? टनाऐवजी रुपयात मोजलं की चित्र बदलतं.

२०२३-२४ मध्ये भारतातून ३.४४ लाख टन ताजी द्राक्षं निर्यात झाली आणि त्यांचे ३,४६० कोटी रुपये आले. किलोला सरासरी शंभर रुपये. यातली बरीच निर्यात जगातल्या सर्वांत काटेकोर बाजारांत होते, आणि तिथपर्यंत पोचायला शीतगृह, पॅकिंग, अवशेष तपासणी, जहाजभाडं हे सगळं पार करावं लागतं. इकडे एका बाटलीला, ७५० मिलिलिटरला, साधारण १.१५ किलो द्राक्षं लागतात. वाइन-द्राक्षाला किलोला ४० ते ५० रुपये धरले, तर दुकानात आठ-नऊशेला मिळणाऱ्या बाटलीत द्राक्षं असतात पन्नास-साठ रुपयांची. कर आणि दुकानदाराचा वाटा काढून कंपनीच्या हाती बाटलीमागे चारशे रुपये पडले असं गृहीत धरू. म्हणजे किलोमागे साडेतीनशे. जहाजात न चढता, नाशिकच्या हद्दीत, द्राक्षाचं मोल निर्यातीच्या तिपटीहून वर गेलं.

पण ही वाढ शेताच्या बांधापलीकडची आहे. टाकी, थंडावा, बाटली, बूच, खोकं, ट्रक, टेस्टिंग रूममध्ये उभी राहणारी मुलगी, हॉटेलचा स्वयंपाकी, कंपनीचा भागधारक, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. शेतकऱ्याचा वाटा पन्नास रुपयांवर थांबतो. वाइनमुळे शेतकरी श्रीमंत होतो, असं म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करावी. वायनरीशी होणारा खरेदी करार त्याला देतो ती वेगळी गोष्ट, आणि तिची किंमत द्राक्षवाल्यालाच कळते. दर आधी ठरतो.

एकराचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण दिंडोरीत कुणाला विचित्र वाटणार नाहीत. खाण्याच्या द्राक्षाचा एकरी दहा टन माल धरू. दर ३० लागला तर तीन लाख, ८० लागला तर आठ लाख. माल नेणारा व्यापारी पैसे न देताच पसार झाला, आणि अशा तक्रारी नाशिकच्या पोलिस ठाण्यांना नव्या नाहीत, तर हाती भोपळा. वाइन-द्राक्ष एकरी चार-पाच टनच निघतं, कारण घड कमी ठेवले तरच गोडी उतरते. पाच टन, किलोला ४५, म्हणजे सव्वादोन लाख. वरवर पाहता तोट्याचा सौदा. मात्र जीएच्या बुडवण्या नाहीत, विरळणीची मजुरी नाही, मण्याच्या रंगरूपाची चिंता नाही, मालाचं गिऱ्हाईक छाटणीच्या आधीच पक्कं. सात-आठ एकरांची बाग असलेला शहाणा बागायतदार म्हणून दोन-तीन एकर वाइनला देतो आणि उरलेल्यावर बाजाराशी झुंजतो. गारा आल्या, तर मात्र दोन्हीकडे सारखंच.

काढणी जानेवारी ते मार्च चालते, युरोपातल्या वेली थंडीत निष्पर्ण असतात तेव्हा. सोव्हिन्योच्या बागेत पहाटे अंधार असतानाच बायका डोक्याला विजेरी बांधून कामाला लागतात. ऊन चढलं की मणी तापतो आणि पांढऱ्या वाइनचा वास उडतो, म्हणून हे जागरण. क्रेट भरले की ट्रॅक्टर थेट वायनरीच्या वजनकाट्यावर. तिथे चार-दोन घडांचा रस काढून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवतात आणि डोळ्याला लावून ब्रिक्स वाचतात. करारात ठरलेल्या गोडीपेक्षा आकडा खाली आला तर दर कापला जातो. त्या थेंबाकडे आत कंपनीचा माणूस बघत असतो आणि बाहेर ट्रॅक्टरवाला.

हा करार आज जितका पक्का वाटतो, तितका तो नेहमी नव्हता. महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला झाली नाही, ती झाली पुणे जिल्ह्यात नारायणगावला. शामराव चौगुले यांनी १९८२ मध्ये इंडेज ही वायनरी उभी केली आणि फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन काढून ती परदेशात विकून दाखवली. नाशिकचं दालन उघडलं ते राजीव सामंत यांनी. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून ते परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिन्यो आणि शनँची लागवड केली आणि २००० मध्ये सुला या त्यांच्या वायनरीची पहिली बाटली बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. राज्यात बनणाऱ्या वाइनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, परवाना सोपा, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क.

मग आली लाट. ऊस आणि द्राक्षात पैसा केलेल्या घरांनी बँकेचं कर्ज काढून वायनरी टाकल्या. स्टीलच्या टाक्या आल्या, इटलीहून यंत्रं आली, बाटलीवर मुलीचं नाव छापलं गेलं. विकायचं कुणाला, याचा विचार बहुतेकांनी केलेला नव्हता. २००८च्या शेवटी जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांतली गर्दी एकदम ओसरली. वाइनचा खप हॉटेलांवर उभा होता, तो बसला. टाक्या भरलेल्या राहिल्या, पुढच्या हंगामाची द्राक्षं दाराशी आली, आणि करार असूनही माल उचलायला कुणी तयार होईना. शेतकऱ्यांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली, काहींनी त्याच खुंटावर पुन्हा थॉमसनचं कलम भरलं. इंडेज कर्जाखाली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिचं अवसायन झालं. विंचूरच्या पार्कात बरेच भूखंड ओसच राहिले. राज्यात वायनरींची नोंदणी सत्तरच्या वर गेली होती, पण स्वतःच्या नावाने बाटली विकणारे थोडेच उरले. बाकीचे मोठ्यांसाठी रस गाळून देतात, नाहीतर कुलूप लावून बसले आहेत.

वाचले ते मोठे झाले. आज शंभर टक्के द्राक्षाच्या देशी वाइनची निम्म्याहून जास्त बाजारपेठ सुलाकडे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना समभाग विकून ती शेअर बाजारात आली, सुमारे ९६० कोटींची ती विक्री होती. सगळे समभाग जुन्या गुंतवणूकदारांचे होते, म्हणजे त्यातला पैसा कंपनीत आला नाही. तिची उलाढाल २०२२-२३ मध्ये ५५३ कोटी, त्यापुढे ६०८, त्यापुढे ६१९. निव्वळ नफा त्याच क्रमाने ८४, ९३ आणि ७० कोटी. शेवटच्या वर्षात उलाढाल जेमतेम दोन टक्क्यांनी वाढली आणि नफा एक चतुर्थांशाने घटला. समभागानेही पुढे विक्रीच्या किमतीखाली बुडी मारली. आधी नाशिकचीच यॉर्क आणि मग एनडी वाइन्सही तिने विकत घेतल्या. अकलूजला फ्रातेली आहे, दिंडोरीत शाँदों, सांजेगावला ग्रोव्हर झांपा. तरीही नाशिक जिल्ह्यातल्या वाइन-द्राक्षाचा दर ठरतो तो मुख्यतः एका कंपनीच्या खोलीत. अडीच हजारांहून अधिक एकर बागा तिच्याशी बांधलेल्या आहेत, काही करार बारा वर्षांपर्यंतचे. बाजारभावाच्या लहरीतून सुटलेला शेतकरी एका ताळेबंदाच्या लहरीवर गेला, असंही याचं वर्णन करता येईल.

पर्यटनाची गोष्ट मात्र उजवी आहे. सुलाच्या ६१९ कोटींत पर्यटनाचा वाटा सुमारे ६० कोटी, म्हणजे दहातला एक रुपया. वर्षाला साडेतीन लाख पाहुणे धरले तर माणशी सतराशे रुपये, आणि हा फक्त फाटकाच्या आतला खर्च. बाहेरचा कंपनीच्या हिशेबात येतच नाही. शनिवारी दुपारी गंगापूर रस्त्यावर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्यांना मिसळ लागते, खोली लागते, परत नेऊन सोडणारा चालक लागतो. पूर्वी मुंबईकर नाशिकला यायचा तो त्र्यंबकेश्वरला किंवा रामकुंडावर, आणि बहुधा संध्याकाळी परत निघायचा. आता तेच कुटुंब दर्शनही करतं आणि मुक्कामही. गोवर्धन, सावरगाव या गावांत जमिनीचे भाव कुठे गेले, ते तिथल्या तलाठ्याला विचारावं. माझ्या मते जिल्ह्याला वाइनने दिलेली सर्वांत मोठी कमाई हीच, आणि २००१च्या धोरणाचा सगळा भर कारखान्यांवर आणि पार्कांवर होता.

उरला सरकारचा हात. हा उद्योग दोन टेकूंवर उभा आहे. पहिला टेकू परताव्याचा. राज्यात बनलेल्या आणि राज्यात विकलेल्या वाइनवर २० टक्के व्हॅट घेतात, आणि त्या २० पैकी १६ टक्के उत्पादकाला परत देतात. ही योजना २००८च्या पडझडीनंतरची. करोनाच्या काळात परतावा रखडला, २०२४च्या सुरुवातीला योजना आणखी पाच वर्षांसाठी, २०२८ पर्यंत, पुढे नेली. विक्रीवर १६ टक्के परतावा, आणि सर्वांत मोठ्या कंपनीचा निव्वळ नफा उलाढालीच्या ११ ते १५ टक्के. सगळी विक्री महाराष्ट्रात नसल्याने तुलना तंतोतंत नाही, पण दोन आकडे शेजारी ठेवले की परतावा आटला तर काय होईल, याचा अंदाज येतो. परराज्यात हे छत्रही नाही. गोव्यात जा, दिल्लीत जा, प्रत्येक राज्याचा लेबल नोंदणीचा खर्च वेगळा, शुल्क वेगळं, नियम वेगळे. नाशिकची बाटली आपल्याच देशात आयात मालासारखी फिरते.

दुसरा टेकू सीमेवरचा. आयात वाइनवर १५० टक्के कर. पाच डॉलरची ऑस्ट्रेलियन बाटली त्यामुळे बंदरातच साडेबारा डॉलरची होते. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाला, आणि पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचा कर लगेच १०० टक्क्यांवर आला. दहा वर्षांत तो ५० वर येईल. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ आणि शेवटी २५. म्हणजे २०३२च्या सुमारास साडेबाराची बाटली साडेसात डॉलरला पडेल आणि साडेसदतीसची पावणेएकोणिसाला. पाच डॉलरखालच्या बाटलीला सवलत नाही, त्यामुळे नाशिकची स्वस्त वाइन तूर्त सुरक्षित आहे. धोका वरच्या थराला. आणि कंपन्या गेली काही वर्षं मेहनत घेत आहेत ती नेमकी त्याच थरावर, कारण नफा तिथे आहे.

२०२८ आणि २०३२ या दोन तारखा बागेच्या वयाशी जुळवून बघाव्या लागतात. आज खुंट लावून त्यावर शिराझचं कलम भरलं, तर भरवशाचं पहिलं पीक तिसऱ्या वर्षी येतं. तोवर परताव्याची मुदत संपत आलेली किंवा संपलेली असेल. वेल ऐन भरात येईल तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर तळाला टेकलेला असेल, आणि बारा वर्षांचा करार त्यानंतरही काही हंगाम चालू राहील. कंपनीचा नफा आटला तर किलोचा दर कोण सोसणार, ब्रिक्सची अट कुणी आणि कधी बदलायची, माल उचलला नाही तर दंड किती आणि किती दिवसांत, ही कलमं २००८च्या बहुतेक करारांत एकतर नव्हती किंवा एकाच बाजूने लिहिलेली होती. सही करण्याआधी बागायतदाराने पहिल्या पानावरच्या दरापेक्षा शेवटच्या पानावरची ही कलमं वाचायची आहेत.